सपाटीवर मोजलेला उतार

माझ्या गॅरेजात गिऱ्हाईक यायचं ते टर्बो छातीशी धरून. आजारी कोंबडी आणावी तसं. धुळ्याच्या हायवेला ट्रक उभा, ड्रायव्हरचं तोंड उतरलेलं, आणि आल्या आल्या पहिलं वाक्य ठरलेलं, "आबा, टर्बो गेला." मी त्या टर्बोकडे ढुंकूनही बघत नसे. "तो ठेव त्या पोत्यावर. आधी गाडीजवळ चल आणि मला खालचा पाइप दाखव," असं म्हणत चपला घालायचो. पस्तीस वर्षं हेच केलं. काही लोक मला विक्षिप्त म्हणत आणि काही लोक पुन्हा पुन्हा येत. बहुतेक वेळा ती एकच माणसं असत.

ज्यांचा गाडीशी संबंध आत बसण्यापुरता आहे त्यांना आधी थोडं समजावून सांगतो. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एका पंख्याला फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल त्याच्याकडे येतं ते बारीक नळीतून, दाबाने. पण जाताना त्याला कुणी ढकलत नाही. दांड्याने घुसळून त्याचा फेस केलेला असतो, आणि तो फेस नुसत्या स्वतःच्या वजनाने खालच्या पाइपातून उतरून इंजिनाच्या पोटात जायचा असतो. म्हणून तो पाइप जाड हवा, वाकडातिकडा नको, आणि सबंध वाटेत उताराचा हवा. तो तुंबला की तेल टर्बोत साचतं, साचलेलं तेल धुराच्या नळीत गळतं आणि गाडी मागे निळा धूर सोडते. टर्बो बिचारा निर्दोष असतो. मोरी तुंबली म्हणून घरात कुणी नळ बदलत नाही, पण इथे सगळे नळच बदलत बसतात.

इंदूरकडे कांदा नेणारा एक ड्रायव्हर असाच आला होता. दोन टर्बो बदलून झाले होते, तिसरा हातात. वर मालकाच्या आईने टर्बोला लिंबू-मिरची बांधलेली, ती इंजिनाच्या उष्णतेने भाजून निघाली होती आणि गाडीला लोणच्याचा वास येत होता. मी खालचा पाइप सोडला. कुणीतरी गास्केट लावताना हात सैल सोडून ट्यूबमधला सांधा बुजवायचा मसाला भरमसाट थापला होता. तो आत दाबला जाऊन पाइपाच्या तोंडाशी रबरासारखा घट्ट झाला होता. वाकडी तार घालून मी तो ओढला तर बोटभर लांबीचा काळा किडा बाहेर आला. ड्रायव्हरने तो किडा हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि मालकाला दाखवायला म्हणून रुमालात बांधून नेला.

अशा गोष्टी माझ्याकडे ढीगभर आहेत आणि सगळ्यांत शेवटी मीच शहाणा ठरतो. तेवढ्याच सांगितल्या तर माझी बायको हा अंक घरात ठेवणार नाही. म्हणून ज्या पाइपाने माझं नाव झालं, त्याच पाइपाने माझं नाक कसं कापलं, ते सांगतो.

गॅरेज पुतण्याच्या हवाली करून मी घरी बसलो होतो. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा गॅरेजातच खुर्ची टाकून घरी बसलो होतो. अशात एके दिवशी पिकअपमधून एक लोखंडी पिंजरा उतरला. चार ढोल्या चाकांवर पाइपांचा सांगाडा, दारं नाहीत, काचा नाहीत, दोन सीटं आणि सीटांच्या मागे उघडं इंजिन. पिकअप चालवत होती एक तिशीची बाई. पायात चिखलाचे बूट, ओढणी कमरेला गुंडाळलेली.

"मी शीतल. यावलकडून आले. केळीची बाग आहे आमची," ती म्हणाली. "ही बग्गी मी बांधली आहे, डोंगर चढायला. चढताना निळा धूर सोडते. टर्बोआबा तुम्हीच ना?"

मला टर्बोआबा म्हटलेलं आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी हौशी लोक अशा गाड्या चढवतात. दर पंधरा दिवसांनी रविवारी जमतात. तिथल्या सगळ्यात उभ्या चढाला गावातले लोक घोडेमोड म्हणतात, कारण घोडासुद्धा तिथून तोंड फिरवतो. अर्ध्या चढापर्यंत पुष्कळ जण जातात, माथ्यावर फार थोडे. आणि गाडीने तेलाचा धूर सोडला की खाली उभा असलेला माणूस लाल झेंडा दाखवतो. खडकावर तेल पडलं तर मागून येणारा घसरून जिवाला मुकेल, म्हणून हा नियम. शीतलला एकदा झेंडा दाखवून झाला होता.

मी बग्गीभोवती एक फेरी मारली आणि मला हसू आलं. इंजिन कोरड्या चेंबरचं होतं. हाही प्रकार सांगायला हवा. साध्या इंजिनात तेल तळाच्या पसरट पातेल्यात असतं, आम्ही त्याला चेंबर म्हणतो. गाडी उभ्या चढावर तिरकी झाली की तेल एका कोपऱ्यात जातं, पंपाच्या तोंडाशी नुसती हवा येते आणि इंजिन आतून खरवडून निघतं. म्हणून शर्यतीच्या इंजिनात चेंबर रिकामंच ठेवतात. तेलाला वेगळी उभी टाकी असते. पंपाला टिफिनसारखे एकाला एक जोडलेले खण असतात. एक खण टाकीतलं तेल इंजिनाला पुरवतो, बाकीचे दोन चेंबरच्या पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यातून पडलेलं तेल ओढून परत टाकीत टाकतात.

ज्याने या इंजिनाला टर्बो बसवला त्याने सरळ विचार केला होता. तेल टाकीत राहतं, तर टर्बोचं तेलही टाकीत न्या. मी गवंड्यांकडे असते ती पाण्याची पारदर्शक नळी मागवली. तिच्यातलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला राहतं, म्हणून एक टोक टाकीशी धरलं, दुसरं टर्बोशी. टाकीतल्या तेलाची पातळी टर्बोच्या चार बोटं वर.

"तेल काय जिना चढून जाणार आहे का?" मी म्हणालो. आजूबाजूला पाच-सहा जण जमले होते, ते हसले. मी आणखी फुगलो.

मग टर्बोचा पाइप मी टाकीवरून काढला आणि थेट चेंबरला जोडला. चेंबर रिकामं, पंप ते सारखं उपसतो, म्हणजे तिथे पडलेलं तेल साचायचा प्रश्नच नाही. पाइप जाड घेतला, कुठेही वाक नाही, आणि उतार असा दिला की त्यावरून गोटी सोडली असती तर थांबली नसती. गवंड्याच्या नळीने उतार पुन्हा मोजला, शीतलला दाखवला, जमलेल्यांना दाखवला. तासभर इंजिन चालवलं, अॅक्सिलरेटर तळाला टेकवला. धुराचा मागमूस नाही.

"जा ताई," मी म्हणालो. "आता धूर निघाला तर मला विचार."

तो रविवार मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी मुद्दाम गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. घोडेमोडच्या खाली खुर्ची मिळाली, चहा मिळाला. शेजारच्यांना मी उताराचं शास्त्र सांगत बसलो. शीतलची गाडी चढाला लागली, इंजिन मोकळं वाजत होतं, मी चहाचा घोट घेतला. अर्ध्या चढावर गाडीचं नाक आभाळाकडे वळलं आणि मागून निळ्या धुराचा असा लोट निघाला की गाडी दिसेनाशी झाली. लाल झेंडा वर. लाउडस्पीकरवरचा सूत्रसंचालक म्हणाला, "मंडळी, डास मारायची गाडी आली." लोक खदाखदा हसले.

शीतल गाडी मागे घेत खाली आली. तिचा बाप, नाना, तिथेच उभा होता. सत्तरीचा, टोपी, बागेत राबून रापलेला माणूस. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "पहा आबा, दोनदा झालं. मले गावात लोकं इचारतात, नाना, पोरीनं यंदा केळं लावलं का धूर लावला? आता तिसऱ्यांदा धूर निंघाला त मी हे गाडी इकून टाकीन. तिनं बी मले शबद देल्ला हाये."

मी शीतलकडे बघितलं. तिने मान हलवली. तीन वर्षं बागेचं काम सांभाळून, एकेक पाइप स्वतः वेल्डिंग करून तिने ती गाडी बांधली होती. आता तिच्या हातात एकच चढ उरला होता.

माझी चूक असेल, असं मी या क्षणी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "ताई, तू पाय जास्त दाबलास. एवढ्या जोरात दाबल्यावर कुठलाही टर्बो तेल टाकणारच." हे सगळ्यांसमोर म्हणालो. तिने हातमोजे काढले आणि गाडीवरचा टर्बो उतरवून माझ्या हातात दिला. "तपासा मग," एवढंच म्हणाली. ते वाक्य मला अजून टोचतं.

घरी येऊन मी टर्बो खोलला. दांडा नव्यासारखा. पंखे साफ. कुठे घासल्याची खूण नाही, दांड्याला नको तेवढी हालचाल नाही. टर्बो चांगला, म्हणजे दोष पाइपाचा. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. फक्त या वेळी पाइप माझा होता. दोन दिवस मी घरात उगाचच चिडचिड करत होतो. बायको म्हणाली, "तठे जाईसन सांगी द्या एकदाचं, आठे माले कसाले तरास देतस?"

तिसऱ्या दिवशी टर्बो पिशवीत घालून मी यावलची एसटी पकडली.

शीतल बागेत होती. बाग सपाटीला सुरू होते आणि पुढे टेकाडावर चढून पलीकडे उतरते. टेकाडापलीकडच्या केळीला ठिबकचं पाणी जात नव्हतं. मोटर चालू, पाइप फुटलेला नाही, तरी पाणी नाही. ती टेकाडाच्या माथ्यावर गेली, तिथे पाइपावर एक टोपीएवढा वॉल्व्ह होता, त्याची माती काढून तिने तो मोकळा केला. फुस्स करून हवा निघाली, निघतच राहिली, आणि पलीकडे पाणी सुरू झालं.

"हवा धरली होती," ती म्हणाली. "पाणी आणि हवा एका पाइपात आली की चढ-उताराला फार जपावं लागतं आबा. ज्याने ही लाइन टाकली त्याने पाइपाचं माप बरोबर घेतलं, पण रान बघितलं नाही. सपाटीवर कुठलाही पाइप चालतो."

मी बांधावर बसलो. सपाटीवर! माझ्या गॅरेजची फरशी सपाट. गवंड्याची नळी मी सपाट फरशीवर धरली होती. उभ्या आयुष्यात मी ट्रकच बघितले, आणि ट्रकसाठी घाट म्हणजे जरासा कललेला रस्ता. ही गाडी तर नाक आभाळाकडे करून चढते. टर्बो इंजिनाच्या मागे, चेंबर त्याच्या पुढे. नाक वर गेलं की शेपूट खाली जाणार, आणि शेपटाकडेच माझा टर्बो.

"ताई, गाडी टांगायची सोय आहे का?" मी विचारलं.

घरामागे जुना कडुनिंब होता. टर्बो जागेवर बसवला, आणि जाड फांदीला चेन-कप्पी लावून आम्ही बग्गीचं नाक वर उचललं. घोडेमोडच्या चढाएवढं तिरकं झाल्यावर चाकांना दगड लावले. मग मी गवंड्याची नळी पुन्हा हातात घेतली. एक टोक टर्बोच्या पाइपाच्या सुरुवातीला, दुसरं चेंबरच्या तोंडाशी. चेंबरचं तोंड टर्बोच्या वर होतं. ज्या उतारावरून गोटी थांबली नसती तो आता चढ झाला होता, आणि मी तो नळीने दोनदा मोजून, लोकांना दाखवून बसवला होता.

नाना दारातून बघत होता. मी दोन्ही कान पकडले, खरोखरच पकडले, आणि म्हणालो, "ताई, तुझा पाय बरोबर होता. माझी अक्कल सपाट होती." ती हसली तेव्हा कुठे मला धड श्वास घेता आला.

आता उपाय. टर्बोचं तेल वजनाने कुठेच जाणार नव्हतं, कारण चढताना टर्बोच सगळ्यांच्या खाली. म्हणजे ते ओढून न्यायला हवं. टर्बोच्या अगदी पोटाखाली लहानशी डबी बसवायची, तेल त्यात पडेल, गाडी कशीही वाकडी होवो. आणि त्या डबीच्या तळातून पंपाच्या एका खणाने ते ओढून टाकीत टाकायचं. अडचण एकच. पंपाचे दोन ओढणारे खण चेंबरसाठी लागत होते. चढताना मागचा, उतरताना पुढचा. यातला एकही काढून टर्बोला देता येत नव्हता. चौथा खण हवा. तो बाहेरून मागवायचा तर दोन महिने, आणि रविवार अकरा दिवसांवर.

मी पंप काढून हमीदभाईंकडे नेला. हमीदभाई धुळ्यात लेथ चालवतात. माझ्याशी अहिराणीत बोलतात, गिऱ्हाइकाशी हिंदीत, आणि लेथला शिव्या देतात त्या कुठल्या भाषेत ते मला आजवर कळलेलं नाही. पंप त्यांनी हातात फिरवला, खण मोजले, आणि पहिला प्रश्न असा विचारला की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"आबा, तुले तेल वढानं शे का फेस?"

"फेस."

"मंग हाऊ खण बाकीनास्पेक्षा मोठा करना पडी. फेसले जागा जास्त लागस."

अगदी बरोबर. वाटीभर तेलाचा फेस झाला की तांब्याभर जागा खातो. चेंबरच्या खणाएवढाच खण केला असता तर तो पुरला नसता आणि मी दुसऱ्यांदा तोंडावर आपटलो असतो. हमीदभाईंनी अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून खणाचं घर कोरलं, ट्रकच्या ऑइल पंपाचे दोन गिअर त्यात बसवले आणि चांगल्या पोलादाचा नवा लांब दांडा केला. केसाएवढाही फरक त्यांना चालत नाही. दोनदा केलेलं घर त्यांनी मला न विचारता भंगारात टाकलं. मी घाई केली तर म्हणाले, "बस ना भो तठे. चहा पे." सातव्या दिवशी चार खणांचा पंप माझ्या हातात होता, आणि आपल्या हाताने फिरवून बघताना तो इतका गुळगुळीत फिरला की मी तो उगाचच घरभर फिरवत होतो.

यावलला पंप बसवला, डबी बसवली, नळ्या जोडल्या. मी समाधानाने हात पुसत होतो, तेवढ्यात शीतलने विचारलं, "आबा, आता टाकीत फेस जास्त येणार ना? त्यातली हवा कुठून निघणार?"

टाकीला हवा सोडायचं तोंड होतं, करंगळीएवढं. मोठ्या खणाने ओढलेली सगळी हवा तिथून निघाली नसती. टाकी फुगली असती आणि तेल झाकणातून उडालं असतं. मी पाना तिच्या हातात दिला. तिने ठिबकच्या सामानातलं एक जाड तोंड कापून टाकीच्या माथ्याला बसवलं, त्याला नळी लावून खाली एक बाटली जोडली, म्हणजे हवेबरोबर आलेला थेंब बाटलीतच राहावा. परत येणारं तेल तिने टाकीच्या वरच्या अंगाला, कडेने गोल फिरेल असं सोडलं. फिरताना फेस बसतो आणि हवा वर निघते. हे मी तिला शिकवलं, असं मी काही ठिकाणी सांगितलं आहे. ते खरं नाही.

मग कडुनिंबाला गाडी पुन्हा टांगली आणि त्या तिरक्या अवस्थेतच इंजिन चालू केलं. वीस मिनिटं. काठीला पांढरं फडकं बांधून मी ते धुराच्या नळीसमोर धरून उभा राहिलो. शेवटी फडक्यावर काजळीचा करडा डाग होता, तेलाचा एक ठिपका नाही. नाना ओट्यावरून म्हणाला, "झाडाले बांधून कोनीबी चढन. डोंगरावर दाखवा."

रविवारी मी शर्टाला इस्त्री केली नाही. घोडेमोडच्या पायथ्याशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. नानाच्या शेजारी पाचोऱ्याचा एक माणूस उभा होता, रिकामी पिकअप घेऊन आलेला. धूर निघाला तर गाडी तिथल्या तिथे घेऊन जायची, असं ठरलं होतं. तो बग्गीच्या टायरवर बूट मारून बघत होता, तेव्हा शीतलने दुसरीकडे तोंड फिरवलं.

तिचा नंबर आला आणि लाउडस्पीकर बोलला, "मंडळी, नाकाला रुमाल लावा, यावलची धूरवाली येत आहे." लोक हसले. माझं डोकं फिरलं. गुडघे दुखतात हे विसरून मी सूत्रसंचालकाच्या मांडवात गेलो आणि त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"मी धुळ्याचा मेकॅनिक," मी म्हणालो. "मागच्या वेळी धूर निघाला तो या मुलीच्या पायामुळे नाही. पाइप मी चुकीचा टाकला होता. वर तिलाच दोष दिला होता, तुमच्यातल्या पुष्कळांनी तो ऐकला. आज पाइप बरोबर आहे. धूर निघाला तर मला हसा, तिला नाही." माइक परत दिला. शीतलने हेल्मेटमधून माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

नानाने डोंगराकडे पाठ केली. "मले पहावत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगा."

गाडी चढाला लागली. अर्धा चढ आला, नाक वर गेलं.

"निंघाला का?" नाना.

"नाही."

त्याच्या वरचा टप्पा खडकाचा. तिथे मागचं चाक खडकाच्या खोबणीत बसलं आणि गाडी जागेवर अडकली. चाकं फिरत होती, माती उडत होती, गाडी हलत नव्हती. तिने पाय काढला. इंजिन चालू, गाडी उभी, नाक आभाळात. चालत्या गाडीपेक्षा हे वाईट. तेल साचायचं असेल तर इथेच साचणार. झेंडेवाल्याने झेंडा सरळ केला आणि धुराच्या नळीकडे डोळे लावले.

"गाडीचं वाजनं बदललं," नाना म्हणाला. त्याची मूठ वळलेली होती. "काय झालं? निंघाला का?"

"नाही नाना. अडकली आहे, पण धूर नाही."

मिनिटभर गेलं असेल. मला ते आयुष्यातलं सर्वात लांब मिनिट वाटलं. मी मनातल्या मनात तेलाबरोबर फिरत होतो, टर्बोतून डबीत, डबीतून हमीदभाईंच्या खणात, तिथून टाकीत. शीतलने गाडी हातभर मागे घेतली, चाक वळवलं, आणि मग तिने पाय असा दाबला की दरी दणाणून गेली. मी मागे म्हणालो होतो ना, पाय जास्त दाबलास म्हणून? तोच पाय. त्याच्या दुप्पट. गाडी खोबणीतून उसळली, खडकावर चढली, एकदा डावीकडे घसरली, सावरली, आणि माथ्याच्या कडेवरून पलीकडे दिसेनाशी झाली. मागे नुसती धूळ. पांढरी, स्वच्छ, आपली खानदेशची धूळ.

झेंडेवाल्याने झेंडा गुंडाळून काखेत मारला आणि टाळ्या वाजवायला लागला. गर्दी ओरडत होती. मी काय ओरडत होतो ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी घसा बसलेला होता. लाउडस्पीकरवाला आपलं नेहमीचं बोलणं विसरून नुसता "चढली, चढली" करत होता.

नाना अजून पाठमोरा होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

"नाना, वळा," मी म्हणालो.

तो हळूच वळला. माथ्यावर शीतल गाडीच्या पाइपावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. नानाने टोपी काढली, त्या टोपीनेच डोळे पुसले आणि ती पुन्हा घातली.

पाचोऱ्याचा माणूस जवळ आला. तो व्यवहाराचा माणूस होता, त्याने विचारलं, "नाना, गाडी चांगली निघाली. आता तर मी जास्तच देईन. मग काय ठरलं?"

"भाऊ, तू चहा पिऊन जाय," नाना म्हणाला. "हे गाडी आमच्या घरची हाये. घरचं कोनी इकतं का?"

मग त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि तो म्हातारा माणूस घोडेमोड चढायला लागला.